जे. बी. एस. हाल्डेन आणि गळका पोशाख

जे. बी. एस. हाल्डेन हे नाव कलाशाखेच्या विद्यार्थ्याच्या कानांवर सहसा पडत नाही. पडलेच तर आनुवंशशास्त्राच्या संदर्भात, आणि त्या शास्त्राशी आपले काय देणेघेणे, असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु एक गोष्ट सांगितली तर आपल्यापैकी अनेकांचे कान टवकारतील. विसाव्या शतकातील या थोर शास्त्रज्ञाकडे विज्ञानाची पदवीच नव्हती. ऑक्सफर्डला त्यांनी आधी गणिताचा अभ्यास केला आणि पुढे ग्रीक-लॅटिन वाङ्मय, इतिहास व तत्त्वज्ञान घेऊन १९१४ साली पहिल्या वर्गात पदवी मिळवली. म्हणजे ते तसे आपल्याच शाखेचे! शास्त्र ते घरी शिकले, आणि घरी म्हणजे वडिलांच्या हाताखाली, कोळशाच्या खाणींत आणि समुद्राच्या तळाशी.

हाल्डेन यांच्या एकूण कार्याचा आढावा घेण्याचा माझा अधिकार नाही. मला सांगायचे आहे ते थंड पाण्याशी आणि पाणबुड्यांशी जडलेल्या त्यांच्या नात्याविषयी. त्यांच्यावरील लेखांत या गोष्टीला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. मला मात्र वाटते की हा माणूस नीट कळायचा असेल तर सुरुवात तेथूनच करावी.

जॉन बर्डन सँडर्सन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. घरात त्यांना जॅक म्हणत. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे गाढे अभ्यासक. माणूस कोंडलेल्या जागेत का गुदमरतो, खाणीत स्फोटानंतर कामगार नेमके कशाने मरतात, हे त्यांचे विषय. हे प्रश्न टेबलाशी बसून सुटत नाहीत, म्हणून ते स्वतः खाणींत उतरत, विषारी वायू स्वतः हुंगून पाहत आणि आपल्या रक्तावर त्याचा काय परिणाम झाला ते मोजत. कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा पडली ती त्यांच्याच सूचनेने. पक्षी आधी कोसळतो, तेवढ्या वेळात माणसाला बाहेर पडता येते.

या प्रयोगांत मुलगा लहानपणापासून सामील. एकदा खाणीत वडिलांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले सीझरच्या प्रेतापुढचे अँटनीचे भाषण म्हणायला लावले. थोड्याच ओळींत मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली बसला. खाली बसताच बरे वाटू लागले. खाणीतला तो वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताशी साचतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला. वाङ्मयाचा असा उपयोग आमच्या वर्गात अजून कोणी केलेला नाही.

१९०५-०६ च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने थोरल्या हाल्डेन यांच्यापुढे एक जुने दुखणे ठेवले. खोल पाण्यात काम करून वर आलेले पाणबुडे कधी सांधेदुखीने तळमळत, कधी कमरेखाली लुळे पडत, कधी मरत. कारण ढोबळमानाने माहीत होते. खोल पाण्यात दाबाखाली हवा घेतली की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. वर येताना दाब एकदम कमी झाला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर जसे बुडबुडे उठतात तसे ते शरीरात उठतात. प्रश्न होता, वर यायचे तरी किती सावकाश? हाल्डेन यांनी लंडनमध्ये एका मोठ्या पोलादी कोठीत शेळ्या ठेवून त्यांच्यावर हवेचा दाब वाढवून-उतरवून पाहिला. त्यांना असे आढळले की दाब निम्म्यावर आणला तर शरीर ते सोसते. म्हणून पाणबुड्याने एका दमात अर्ध्या दाबापर्यंत वर यावे, तेथे थांबावे आणि मग टप्प्याटप्प्याने पृष्ठभाग गाठावा.

शेळ्यांवरून माणसांकडे वळण्यासाठी १९०६ च्या ऑगस्टमध्ये नौदलाचे ‘स्पँकर’ हे जहाज स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, रॉथसी गावाजवळच्या खाड्यांत नांगरले गेले. लेफ्टनंट डॅमंट आणि कॅटो हे दोघे तेथे टप्प्याटप्प्याने खोल जात ३५ वाव, म्हणजे २१० फुटांपर्यंत पोहोचले आणि नव्या पद्धतीने धडधाकट वर आले. शाळेला सुट्टी होती. तेरा वर्षांचा जॅक वडिलांबरोबर जहाजावर होता. त्यालाही एक बुडी मिळाली.

ती बुडी काय होती हे समजायला आधी पोशाख समजून घ्यायला हवा. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात हल्ली पुष्कळ पर्यटक पाठीवर हवेचे नळकांडे बांधून बुडी मारून येतात. तिथले पाणी उबदार. अंगाला घट्ट बसणारा पातळ पोशाख तेथे पुरतो आणि आत थोडे पाणी शिरले तरी बिघडत नाही. उत्तरेकडच्या समुद्रात तसे चालत नाही. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. ऑगस्ट हा तिकडचा भर उन्हाळा, तरी स्कॉटलंडच्या खाड्यांतले पाणी १३-१४ अंशांच्या फारसे वर जात नाही. अशा पाण्यात बोटे आधी बधिर होतात, मग हात ऐकेनासे होतात आणि शेवटी डोके चालेनासे होते. म्हणून तिकडे कोरडा पोशाख वापरतात. त्याच्या गळ्याशी आणि मनगटांशी रबरी पट्ट्या गच्च बसलेल्या असतात, त्यामुळे आत पाण्याचा थेंब येऊ नये अशी अपेक्षा असते. आत लोकरीचे किंवा तशाच उबदार कापडाचे थर असतात. ऊब मुख्यतः त्या थरांत अडकलेल्या हवेची. वरचा पोशाख फक्त राखणदार. राखणदार झोपला की ऊब गेलीच.

तथापि थंडीपेक्षा अवघड असते ती पोशाखातली हवा सांभाळणे. खाली जावे तशी ती आकसते आणि पोशाखाच्या सुरकुत्या अंगाला चिमटे काढू लागतात, म्हणून आणखी हवा आत घ्यावी लागते. वर यावे तशी ती फुगते, म्हणून सोडावी लागते. सोडायला उशीर झाला तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो. हवा पायांकडे गेली तर पाय वर आणि डोके खाली. आज कोरड्या पोशाखात बुडी शिकणाऱ्यास पहिले धडे उथळ पाण्यात याच गोष्टीचे देतात. आत घेण्याची झडप छातीवर असते, सोडण्याची बहुधा दंडावर, आणि कोणती केव्हा हे बोटांना आपोआप कळेपर्यंत खोल पाण्यात जाऊ देत नाहीत.

१९०६ चा पोशाख दिसायला अगदी वेगळा, पण तत्त्व हेच. रबर लावलेल्या जाड कापडाचा एकसंध झगा, गळ्याशी स्क्रूने बसवलेले तांब्याचे शिरस्त्राण, छातीपाठीवर शिशाची वजने, शिशाच्या तळव्यांचे बूट. सगळे मिळून ऐंशी किलोच्या घरात. हवा जहाजावरच्या हातपंपाने नळीतून शिरस्त्राणात यायची आणि शिरस्त्राणाच्या बाजूच्या झडपेतून बाहेर पडायची. ती झडप किती उघडी ठेवायची हे पाणबुड्याच्या हातात. हात मनगटापासून पुढे उघडेच असत. मनगटाशी रबराची पट्टी. ती पट्टी मोठ्या माणसाच्या मनगटाच्या मापाची.

जॅकच्या मापाचा पोशाख असणार कुठून? नौदलात तेरा वर्षांचे पाणबुडे नसतात. पावसाळ्यात थोरल्या भावाचा रेनकोट घालून शाळेत गेलेल्यांना ही स्थिती थोडीफार कल्पिता येईल. बाहीतून पाणी कोपरापर्यंत येते आणि रेनकोट असून आपण ओलेच! मात्र आपण रस्त्यावर असतो आणि श्वास आपल्या मर्जीचा असतो.

मुलगा खाली उतरू लागला. प्रथम कान. दाब वाढला की पडदे आत ढकलले जातात आणि कळ उठते. शिरस्त्राणात हात नाकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आवंढा गिळून ते जुळवायचे. ते त्याला जमले. मग सैल मनगटांतून पाणी आत येऊ लागले. यातले भौतिकशास्त्र सोपे आहे. पोशाखातल्या हवेचा दाब शिरस्त्राणाच्या झडपेपाशी असलेल्या पाण्याइतका, आणि हात तर त्याच्या खाली, तिथे पाण्याचा दाब अधिक. पट्टी सैल असेल तर पाणी आत घुसणारच. त्यावर पाणबुड्याच्या हाती एकच उपाय असतो. झडप आवळायची, आतली हवा वाढवायची आणि पाण्याला तिच्या जोराने खाली रेटून धरायचे. पण फार आवळली तर पोशाख फुगून आपण वर उधळले जाण्याची भीती. म्हणजे एका बाजूला भिजणे आणि दुसऱ्या बाजूला फेकले जाणे, या दोहोंच्या मधली झडपेची नेमकी जागा त्या मुलाने थंड, अंधूक पाण्यात, बधिर होत चाललेल्या बोटांनी शोधून काढली आणि पाणी गळ्याच्या वर येऊ दिले नाही. वर ओढून घेतले तेव्हा तो चिंब भिजून कुडकुडत होता. थोडी व्हिस्की पाजून त्याला अंथरुणात घातले.

आज एखाद्या बापाने असे केले तर शेजारी पोलिसांत जातील, आणि माझ्या मते ते योग्यच होईल. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला मनगटाची पट्टी तपासता येऊ नये? परंतु त्या घरात धोक्याची वाटणी वयावरून होत नसे. जे बाप स्वतः करतो ते मुलाने करायला हरकत नाही, आणि जे आपण स्वतः केले नाही ते दुसऱ्याला करायला सांगायचे नाही, असा तो अलिखित कायदा होता. थोरल्या हाल्डेन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९०८ साली हे संशोधन प्रसिद्ध केले. त्यातील कोष्टके नौदलाने स्वीकारली. आज बुडी मारणाऱ्याच्या मनगटावरचे यंत्र वर येताना कोठे थांबायचे ते सांगते. त्यामागचे गणित पुढे पुष्कळ बदलले, परंतु त्याचा उगम त्या कोष्टकांत आहे.

पुढची तीस वर्षे मी भरभर सांगतो, कारण ती कोणत्याही चरित्रात मिळतील. पहिल्या महायुद्धात धाकटे हाल्डेन ब्लॅक वॉच या पलटणीत अधिकारी होते. १९१५ साली जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला तेव्हा बापलेकांनी मिळून स्वतः क्लोरीन हुंगून मुखवटे तपासले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर ते जखमी झाले आणि बरे होण्यासाठी हिंदुस्थानात आले. गोऱ्या अधिकाऱ्याला येथल्या लोकांशी बरोबरीने मिसळता येत नाही ही गोष्ट त्यांना तेव्हा खुपली. युद्धानंतर ते केंब्रिजला आणि १९३३ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. डार्विनची निसर्गनिवड आणि मेंडेलचे आनुवंशाचे नियम यांची गणिताने सांगड घालणाऱ्या तिघांपैकी ते एक, फिशर आणि राइट हे दुसरे दोघे. मधल्या काळात वर्तमानपत्री लेखनाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते.

१ जून १९३९ रोजी त्यांचा पाण्याशी पुन्हा संबंध आला. ‘थेटिस’ ही नवी कोरी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी निघाली. पाणतीर सोडण्याच्या नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते रंगाच्या लेपाने बुजले होते. नळी कोरडी आहे असे समजून आतले दार उघडले गेले, बाहेरचे झाकण तर आधीच उघडे होते. समुद्र आत घुसला आणि पाणबुडीने नाक तळाशी रुतवले. चाचणी असल्यामुळे गोदीतले कामगार धरून आत १०३ माणसे होती, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. शेपटाचा भाग काही काळ पाण्याच्या वर दिसत होता, तरी चौघेच सुटले आणि ९९ माणसे आत मेली.

मेलेल्या कामगारांच्या संघटनांनी हाल्डेन यांना विचारले की हे लोक असे का गेले? आत सुटकेची साधने होती, मग ती वापरता का आली नाहीत? कोणी दुसरा असता तर त्याने पुस्तके चाळून अहवाल लिहिला असता. हाल्डेन लंडनमधील सीबे गॉर्मन कंपनीत गेले. पाणबुड्यांचे पोशाख बनवणारी ही जुनी कंपनी. तेथल्या पोलादी कोठडीत त्यांनी स्वतःला १४ तासांहून अधिक वेळ कोंडून घेतले. पुढच्या चाचणीत स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले चौघेजण त्यांच्यासोबत आत बसले. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी धाप लागली, डोकी फुटू लागली. त्यानंतर सुटकेच्या साधनातला शुद्ध प्राणवायू घेतला तेव्हा बरे वाटण्याऐवजी मळमळ आणि ओकारी. तेव्हा कळले की थेटिसमधली माणसे भित्री किंवा अडाणी नव्हती. सुटायची वेळ आली तोवर हवेने त्यांचे हातपाय आणि विचार दोन्ही काढून घेतले होते. मेलेल्यांच्या घरच्यांना याहून मोठा दिलासा कोणता देता आला असता?

युद्ध सुरू झाल्यावर नौदलाने त्यांना हेच काम पुढे चालवायला सांगितले. सरकारला आयुष्यभर शिव्या देणाऱ्या, पुढे उघडपणे कम्युनिस्ट पक्षात गेलेल्या या गृहस्थाकडे नौदलाची गुपिते सोपवली गेली हे विशेष. मार्टिन केस, हेलन स्परवे आणि इतर काही मंडळी त्यांच्याबरोबर होती. स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रीन हेही एका प्रयोगात कोठडीत बसले.

त्या कोठडीत त्यांनी काय केले नाही? दहा वातावरणांच्या दाबाखाली, म्हणजे सुमारे ३०० फूट खोलीइतक्या दाबात, साधी हवा घेऊन त्यांनी हिशेब केले आणि चिमट्याने छोटे गोळे उचलले. नायट्रोजनमुळे माणसे दारू प्यायल्यासारखी होत आणि वेळ मोजणाऱ्याच्या हातूनही चुका होत. प्राणवायूला चव नसते असे आपण शाळेत शिकतो. दाबाखाली त्याला चव येते हे हाल्डेन यांनी चाखून सांगितले. परंतु तोच प्राणवायू अधिक दाबाला काही मिनिटांत झटके आणतो. अशाच एका झटक्यात हाल्डेन यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि ते दुखणे त्यांच्या सोबतीला राहिले. कानाच्या पडद्याला भोक पडले होते. त्यातून विडीचा धूर काढून दाखवण्याची गंमत ते पाहुण्यांसाठी करीत.

यांतला एक प्रयोग वाचताना मला ती १९०६ ची बुडी आठवते. थंडी, दाब आणि दूषित हवा ही तिन्ही एकत्र आली तर पाणबुड्याचे काय होते, हा प्रश्न होता. प्रत्यक्ष समुद्रात ती एकत्रच येतात. वयाची पन्नाशी जवळ आलेले हाल्डेन वितळत्या बर्फाच्या पाण्यात बसले, कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा घेत राहिले आणि वरून दाब दहा वातावरणांपर्यंत चढवला. त्यांची शुद्ध हरपली. या वेळी अंगात गळका पोशाखही नव्हता. ज्याला लहानपणी पाण्याने मनगटातून गाठले, तो माणूस आता स्वतःहून त्यात जाऊन बसला होता.

या वेडेपणाविषयी माझे मन अजून दुभंगलेले आहे. स्वतःच्या शरीरावर काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु बरोबरची तरुण मंडळीही त्या कोठडीत बसत होती, हेलन स्परवे यांनाही प्राणवायूचे झटके आले. गुरूच पुढे असेल तर शिष्याला नाही म्हणता येते का? शिवाय हा माणूस हट्टी होता. रशियात लायसेंकोने आनुवंशशास्त्राची आणि शास्त्रज्ञांची धूळधाण चालवली तेव्हा जगातला हा अग्रगण्य आनुवंशशास्त्रज्ञ स्पष्ट निषेध करायला फार वेळ घेत राहिला. खरे-खोटे स्वतःच्या अंगावर तपासून पाहणाऱ्याला पक्षाचे खोटे मात्र तपासता आले नाही! तरी दुसऱ्या पारड्यात हेही टाकले पाहिजे की या प्रयोगांतून मिळालेल्या मर्यादा पाळल्याने युद्धात आणि युद्धानंतर पाण्याखाली गेलेले कित्येक लोक जिवंत वर आले. त्यांतल्या बहुतेकांना हाल्डेन हे नावही ठाऊक नसेल.

१९४५ साली हेलन स्परवे आणि हाल्डेन यांचा विवाह झाला. १९५७ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून दोघे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझवरील ब्रिटनच्या हल्ल्याचा निषेध म्हणून आपण देश सोडत असल्याचे हाल्डेन यांनी जाहीर केले होते. येथे त्यांनी धोतर-कुडता घातला, मांसाहार सोडला, आणि १९६१ साली ते भारताचे नागरिक झाले. कलकत्त्यात वरिष्ठांशी पटले नाही, तेव्हा भुवनेश्वरला जाऊन तेथे त्यांनी प्रयोगशाळा काढली. महागडी यंत्रे नसली तरी डोळे उघडे ठेवून झाडांची पाने आणि पक्ष्यांची घरटी मोजता येतात, असे ते येथल्या तरुणांना शिकवीत. समुद्र जवळ होता, उबदारही होता. परंतु दुखरी पाठ घेऊन त्यात उतरण्याचे दिवस संपले होते.

१९६४ च्या आरंभी लंडनमध्ये त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाज न बाळगता वेळेवर डॉक्टरकडे जावे, एवढाच तिचा हेतू. शेवटी तो वाङ्मयाचा विद्यार्थी! ते भुवनेश्वरला परतले आणि तेथेच १ डिसेंबर १९६४ रोजी वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपला देह आंध्रातील काकीनाडा येथल्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला, विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी, देऊन ठेवला होता. त्याप्रमाणे तो तेथे नेण्यात आला.